माळावरची लाल निशाणं

निवृत्त प्राध्यापकाला लोक दोन कारणांसाठी बोलावतात: बक्षिसं वाटायला आणि उपदेश करायला. मला मागच्या वर्षी उपदेशाचं बोलावणं आलं. नव्याने लागलेल्या प्राध्यापकांचा वर्ग होता आणि विषय त्यांनी आधीच छापून टाकला होता, 'चांगल्या विद्यापीठीय शिक्षकाचे गुण आणि जबाबदाऱ्या'. मी घरी बसून मुद्दे काढले. विषयाचं सखोल ज्ञान, सततचं वाचन, विद्यार्थ्यांविषयी आस्था, वेळेचं भान, निःपक्षपाती वृत्ती. मग यातलं आपल्याला काय काय लागू पडतं ते प्रामाणिकपणे तपासलं, तर आस्था सोडून बाकी सगळं जेमतेम काठावर पास होत होतं. शेवटी तो कागद घरीच ठेवला आणि तिथे जाऊन माळावरची गोष्ट सांगितली. तरुण मंडळी खूप हसली. आभार मानताना संयोजक म्हणाले, मॅडमनी विषयाला किंचित बगल दिली, पण मजा आली. मला काही बगल दिल्यासारखं वाटत नाही. म्हणून तीच गोष्ट इथे जरा सविस्तर सांगते.

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवत होते. बाहेरच्यांना वाटतं, प्राध्यापकाला काम काय, दिवसाला दोन तास बोलायचं आणि उन्हाळ्यात दोन महिने लोळायचं. बोलण्याचंही तसं खरं नव्हतं. त्या काळी शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. आपण सांगायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि मार्चमध्ये तेच आपल्याला परत करायचं. मी कधी उत्साहाने खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बोट करून म्हणायचे, बघा, लाव्हा थरावर थर बसला म्हणून हा असा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, हे लिहून घ्यायचं का?" नको म्हटलं की मुलं पेनला टोपण लावायची आणि डोंगराकडे बघणंही बंद करायची.

स्टाफरूममध्येही भूगोलवाल्यांची पंगत खालची. तुमचं काय, नकाशा टांगला की तास संपला, असं इंग्रजीचे सर मला रोज ऐकवायचे. मी एकदा म्हटलं, सर, निदान आम्ही टांगतो तो नकाशा तरी खरा असतो. त्यानंतर त्यांनी माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला, ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले.

पण भूगोलात एक गोष्ट अशी होती जी नोट्सने भागत नव्हती. शेवटच्या वर्षाला स्पेशल भूगोल घेतलेल्या मुलांना प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन सर्वेक्षण करावं लागायचं. प्रकार साधा असतो. तिपाईवर एक सपाट फळा ठेवायचा, त्यावर कोरा कागद. दूरवर काठ्या रोवायच्या. फळ्यावर एक पितळी पट्टी असते, तिला डोळा लावून काठीवर नेम धरायचा आणि त्या दिशेने कागदावर रेघ मारायची. मग फळा उचलून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा आणि त्याच काठ्यांवर पुन्हा नेम धरायचा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे ती काठी. असं करत करत कागदावर सबंध माळ उतरतो. हे न करणाऱ्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि त्या परीक्षेला न बसणाऱ्याला पदवी नाही. नियम विद्यापीठाचा, त्यात मला करण्यासारखं काही नव्हतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल तेव्हाची ही गोष्ट. स्पेशलला आठ जण होते, सात मुलगे आणि सिंधू. सिंधू पिंपळगाव बसवंतहून रोज एस.टी.ने यायची. घरची द्राक्षाची बाग, थोडाफार कांद्याचा व्यापार. पोरगी इतकी अबोल की हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची ते तिच्या शेजारच्या बाकालाही ऐकू जात नसे. पहिले दोन आठवडे मी तिची गैरहजेरी लावत गेले आणि तिने तीही मुकाट्याने लावून घेतली. पण तिने काढलेला नकाशा हातात घेतला की बरं वाटायचं. रेघ कशी एकसारखी, कुठे थरथर नाही, कुठे घाई नाही. बाकीच्या सातांच्या नकाशात गोदावरी कधी कधी डोंगर चढून जायची.

सर्वेक्षणाचा गुरुवार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी सिंधू टेबलाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिल्यावर म्हणाली की आप्पा नाही म्हणतात, पण तुमच्याशी बोलायला येणार आहेत.

आप्पा आले. धोतर, पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. मी नोकरीसाठी मुलाखत दिली तेव्हा पाच तज्ज्ञ समोर होते, पण त्यांच्यापैकी कोणी मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. कोणत्या गावच्या, मिस्टर काय करतात, भूगोल शिकून पुढे काय होतं, माळावर सावली असते का, सगळं विचारून झालं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमच्या आडनावावरून लोकांना जे कळायचं ते कळतंच, त्यांनाही कळलं. तेवढ्यात मी मागवलेला चहा आला. आप्पांनी कपाकडे पाहिलं आणि "आत्ताच झाला" म्हणून तो हलकेच बाजूला सरकवला. आडनावानंतर येणाऱ्या 'आत्ताच झाला'ची मला लहानपणापासून सवय होती. मी दोन्ही कप प्यायले.

मग ते मुद्द्यावर आले.

"पोरी कितीक जणी?"

"एकच. तुमची."

"अन् पोरं?"

"सात."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडल्यावर त्यांनी सगळी परिस्थिती माझ्यापुढे मांडली. सिंधूला निफाडचं स्थळ सांगून आलेलं होतं. मुलाचं पाण्याच्या पंपांचं दुकान, माणसं चांगली, पण त्यांना घाई. घरातले सगळे म्हणत होते उरकून टाका. एकट्या सिंधूला शिकायचं होतं आणि आप्पांनी तिच्याकरता घरात एक तोडगा काढला होता.

"सहाच्या गाडीतून उतरली तवर शिकंल. ज्या दिवशी उतरली नाय, त्या दिवसापासून कॉलेज बंद. हे तिला बी ठाव हाय."

मी म्हटलं, काळजी करू नका, सहाच्या गाडीत तिला मी बसवून देईन. आप्पांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. म्हणाले, "आन् काय कमीजास्त झालं तर तुम्ही सवता आणून सोडायची. चिठ्ठी नाय, निरोप नाय. सवता."

मी हो म्हटलं. प्राध्यापक लोक दिवसभरात अनेक गोष्टींना हो म्हणतात, त्यातलंच हे एक. गुरुवार म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. गुरुवारी तेही त्याच बाजूला असणार होते. देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या एका गावी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि वऱ्हाडाचे कारभारी आप्पाच होते. आपण काही फार लांब नसू, एवढा त्यांना त्यात दिलासा वाटला असावा.

आता देवळालीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे तोफखान्याचा सराव चालतो. सरावाच्या दिवशी मैदानाच्या कडेने लाल निशाणं लागतात आणि ती उतरेपर्यंत आसपासच्या गावांतलं माणूस, बैल, शेळी, कोणी पुढे पाऊल टाकत नाही. हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. म्हणून तर मी दोन ठिकाणी चौकशी करून त्या गुरुवारी सराव नाही याची खात्री करून घेतली होती. शिवाय मैदानाच्या हद्दीपासून चांगला दूरचा, गायरानाचा माळ निवडला होता. जबाबदार शिक्षकाने जे जे करायचं ते सगळं मी केलं होतं.

आणखी एक गोष्ट केली होती. सर्वेक्षणाच्या काठ्या दुरून दिसाव्यात म्हणून त्यांच्या टोकाला लहानसं निशाण बांधतात. आमच्या विभागाची निशाणं उंदरांनी खाल्ली होती आणि आदल्या वर्षी मुलांना काठ्या न दिसल्याने माळाचा एक कोपरा नकाशातून गायबच झाला होता. तेव्हा मी स्वतः मेनरोडवरून कापड आणलं आणि घरच्या मशीनवर नवीन निशाणं शिवली. हात आखडता घेतला नाही, चांगली टॉवेलएवढी शिवली. पुस्तकात रंग लाल सांगितलेला होता म्हणून कापडही लालभडक आणलं.

तर गुरुवारी सकाळी आम्ही माळावर पोचलो आणि माळातून जाणाऱ्या गाडीवाटेच्या कडेने, एका ओळीत, आठ लाल निशाणं रोवली. वाऱ्यावर ती इतकी सुरेख फडकत होती की मी मुलांना क्षणभर थांबून बघायला लावलं.

काम छान चाललं होतं. काठ्यांची ओळ सिंधूने धरली, ती सुतासारखी सरळ होती. मुलगेही नेहमीपेक्षा कमी टवाळकी करत होते. दुपार होत आली तसं मला जाणवलं की वाटेवर एकही माणूस नाही. मी मुलांना म्हटलं, बघा, शहरापासून एवढ्या जवळ किती शांतता आहे. जरा वेळाने वाटेच्या एका टोकाला, दूर, काही बैलगाड्या आणि सायकली उभ्या दिसल्या. दुसऱ्या टोकाला एक टेम्पो आणि भोवती बरीच माणसं. वर्गाचा पुढारी होता अनिल, त्याने सांगितलं की बाजार भरला असेल. थोड्या वेळाने टेम्पोच्या बाजूने सनई-चौघडा ऐकू येऊ लागला. उन्हात काम करताना संगीताची सोबत मिळाली म्हणून आम्ही सगळे खूश झालो. वाजंत्री मधे थांबायची, परत वाजायची. एकच तुकडा पुन्हा पुन्हा का वाजवतात, एवढं मात्र मला कळेना.

मग धुरळा उडवत फौजेची जीप आली. जीपमधून एक हवालदार उतरला. मराठीच होता, सातारकडचा. त्याने एक निशाण हातात धरून पाहिलं आणि विचारलं, ही कोणाची. मी अभिमानाने सांगितलं की आमची, मी स्वतः शिवली आहेत. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. सकाळपासून त्यांच्या कचेरीत फोनावर फोन येत होते की आज फायरिंग लावल्याचं आम्हाला का सांगितलं नाही. एका गावच्या पाटलाने तर शाळा सोडायला लावली होती. वाटेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन गावांची माणसं आणि एक वऱ्हाड खोळंबलं होतं. आणीबाणीत शिकलेली थांबायची सवय लोकांच्या अंगातून अजून गेली नव्हती, की तोफेची धास्तीच तेवढी होती, कोण जाणे.

निशाणं उतरवली, वाट मोकळी झाली. पण आमची सुटका झाली नाही. कारण आमच्याजवळ काय होतं ते बघा: त्या भागाचा सरकारी नकाशा, होकायंत्र, नेम धरायची पितळी पट्टी, अर्धा तयार झालेला माळाचा आराखडा आणि सात तरुण. त्यांची म्होरकी एक बाई. हवालदार भला माणूस, तो म्हणाला, मला सगळं पटतंय, पण हे साहेबांना पटायला हवं.

सामानासकट आम्हाला कचेरीत नेलं. साहेब म्हणजे एक मेजर होते, पिळदार मिशा आणि तुटक हिंदी. त्यांनी आधी आमच्या कॉलेजात फोन लावला. प्राचार्य जागेवर नव्हते, हेडक्लार्कने घेतला. आपल्याकडे भूगोलाच्या कोणी बाई आहेत का, असं लष्कराकडून विचारल्यावर आमच्या हेडक्लार्कने, अशी माहिती फोनवर देता येत नाही, लेखी विचारा, असं बाणेदार उत्तर देऊन फोन ठेवला. मेजरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला आमच्या हेडक्लार्कविषयी जे वाटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मग मेजर म्हणाले, विद्यार्थी आहात तर सांगा, काय करत होता. अनिल पुढे झाला, छाती काढली आणि गाइडातली सर्वेक्षणाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली, मधल्या कंसासकट. मेजरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने विचार करून भाषांतर केलं, "साब, बोलता है टेबल सपाट है." मेजरांचा संशय बळावला. दुसऱ्या मुलाला विचारलं, त्यानेही तीच व्याख्या म्हटली. तिसऱ्याचीही तीच. हे कोणीतरी पढवून पाठवलेले लोक आहेत, असं मेजरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागलं. पढवणारी मीच होते.

भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळाकडे बघणारा विद्यार्थी मला आयुष्यात कधी आवडला नाही, आणि त्या दिवशी मी दुसरं काही करत नव्हते. सिंधूही तिकडेच बघत होती. आम्हा दोघींना एकच हिशेब दिसत होता. सहाची गाडी चुकली की निफाड.

आणि मग सिंधू उठली. कोणाला काही न विचारता तिने तिपाई उचलली, कचेरीबाहेरच्या अंगणात नेऊन मांडली, फळा बसवला, कोरा कागद लावला. मेजर पाठोपाठ बाहेर गेले, आम्हीही गेलो. सिंधूने पट्टीला डोळा लावून झेंड्याचा खांब धरला, मग पाण्याची टाकी, मग फाटक. तीन रेघा मारल्या. फळा वीस पावलं पुढे नेला आणि पुन्हा तीन रेघा. रेघा जिथे छेदल्या तिथे बारीक टिंबं दिली आणि बाजूला झाली.

मेजर वाकून बघत राहिले. तोफखान्याचा माणूस तो, नेम धरणं आणि अंतर काढणं हा त्यांचा धंदाच. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते पाहून मला धडकी भरली, कारण ते मी ओळखत होते. शिकवण्याची हौस. त्यांनी आपल्या उमेदवारीच्या काळातल्या अशाच एका फळ्याची आठवण काढली, बाह्या सरसावल्या आणि आमच्या मुलांची तोंडी परीक्षा सुरू केली. फळा सपाट नसेल तर काय होईल? उत्तर दिशा कशी धरली? मुलगे पटापट नापास होत गेले. मेजर प्रत्येकाला चुका समजावून सांगत होते, तेही मन लावून, उदाहरणं देऊन. घंटा झाल्यावरही वर्ग न सोडणाऱ्या प्राध्यापकांत माझा पहिला नंबर होता. त्या अंगणात मला प्रथमच कळलं की समोर बसलेल्यांना काय वाटत असेल.

शेवटी मेजरांनी सिंधूला विचारलं, काठी टेकाडाआड गेली, दिसलीच नाही, तर?

"तो बीच में एक और लगाने का," सिंधू म्हणाली. अडीच वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

मेजर खूश झाले. पण खूश झाले तरी फौजेचा माणूस. आमचा माळाचा आराखडा आणि सिंधूने अंगणात काढलेला कागद, दोन्ही त्यांनी जप्त केले. विशेषतः अंगणाचा. आमच्या निर्दोषपणाचा तो एकमेव पुरावा होता आणि गुन्हा म्हणायचा तर तोच एक खरा गुन्हा होता. लाल निशाणंही ठेवून घेतली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, मी गाडीचं सांगितलं, आणि ते मनापासून ओशाळले. गाडी केव्हाच गेलेली होती. मुलगे कॅम्पातून नाशिकच्या बसने गेले. मेजरांनी सिंधूसाठी आणि माझ्यासाठी जीप दिली, सोबत हवालदार दिला.

जीप नाशिक ओलांडून आग्रा रोडला लागली. फौजेच्या जीपमधून, दिवेलागणीला, गावाच्या स्टँडवर मुलगी उतरवायची, याचा गावात काय अर्थ होईल ते मला सांगायची गरज नव्हती. मी आप्पांपुढे करायची भाषणं मनात जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं. हवालदाराला आमची दया आली. तो म्हणाला, बाई, सांगून टाका की बस पंक्चर झाली, रस्त्यात फौजेची गाडी भेटली, आम्ही आणून सोडलं. मी हो म्हणेन. मला ही कल्पना फारच पसंत पडली. सिंधू बाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत बसली होती.

आप्पा स्टँडवरच होते. अंगात लग्नाचा कोट, डोक्याला अजून फेटा. जीप थांबल्यावर पाच-पंचवीस माणसं गोळा झाली. आप्पांनी आम्हा दोघींना पाहिलं, पण ते आले सरळ हवालदाराच्या अंगावर. दिवसभराचा राग होता आणि तो काढायला प्रथमच फौजी कपड्यातला माणूस हाती लागला होता.

"हवालदार, आज तुमची फायरिंग हुती का?"

"नव्हती."

"मग निशाणं कोणी लावली? वऱ्हाड घिऊन दुपारभर उन्हात बसलो. वाजंत्री वाजवून वाजवून दमली. मुहूर्त टळला, नवरीचा बाप रडाया आला. पोरं म्हणत हुती, जाऊ द्या गाडी. मीच म्हणलं नाय, लाल निशाण म्हंजी निशाण."

टेम्पो, सनई, तोच तोच तुकडा, सगळं मला एकदम उमगलं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. पंक्चरची गोष्ट आता कुठल्याच बाजूने बसत नव्हती. मी घसा साफ केला आणि वर्गात काढते तो आवाज काढून "त्याचं असं झालं" एवढं म्हणाले.

"आप्पा, निशाणं आम्ही लावली," सिंधू म्हणाली. हळू नाही म्हणाली. पलीकडच्या रसवंतीवाल्याने चरक थांबवला. "मॅडमनी शिवली, ओळ मी धरली. ते आमचं सर्वेक्षण हुतं."

मला वाटलं, संपलं. या पोरीचं शिक्षण इथे, या स्टँडवर, माझ्या डोळ्यांदेखत संपलं. आप्पा तिच्याकडे बघत होते आणि गाव आप्पांकडे बघत होतं.

"येवढाली निशाणं कशापायी?" त्यांनी विचारलं.

"लांबून दिसावी म्हणून."

आप्पांनी फेटा काढला, काखेत धरला आणि टकलावरून हात फिरवला.

"दिसली," ते म्हणाले. "लय लांबून दिसली."

रसवंतीवाला हसला. मग बाकीचे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "सवता आल्या?" मी म्हटलं, तसं ठरलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चला, चहा घिऊ घरी."

माझ्या जिभेवर 'आत्ताच झाला' अगदी तयार होतं. ते मी गिळलं आणि गेले. सिंधूच्या आईने घरच्यांना दिला तसल्याच कपबशीत मला चहा दिला. आप्पा समोर बसून बशीतून चहा प्याले. लग्नात जेवण काय होतं ते त्यांनी सांगितलं. सिंधूच्या कॉलेजविषयी एक शब्द काढला नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. मी जीपमध्ये परत बसले तेव्हा सिंधू दारात उभी होती.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. मी तिचा नंबर पुकारायचे आणि थोडं थांबून पुढचा घ्यायचे. अनिलने विचारलं, मॅडम, सिंधूची वाट बघायची का? त्याला मी नको तेवढी रागावले. प्राचार्यांनी बोलावून निशाणं, कागद आणि शिस्त याबद्दल बरंच सुनावलं, त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. रविवारी मी पिंपळगावला जायला निघाले आणि सीबीएसच्या एस.टी. स्टँडवरून परत फिरले. कोणत्या तोंडाने जाणार होते.

सोमवारी हजेरी घेताना तिच्या नंबरला "प्रेझेंट" ऐकू आलं. वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी आली. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं होतं. आप्पांनी दिलंय, म्हणाली, आणि निरोप आहे की पुन्हा लाल लावू नका.

मी गाठोडं सोडलं. आत आठ निशाणं होती, शिंप्याकडून नीट शिवून घेतलेली, हिरवीगार. प्रत्येकाला जरीचा काठ होता. सर्वेक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात निशाणाला जरीकाठ असावा असं म्हटलेलं नाही. आमच्या हेडक्लार्कने तर ती डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढवायलाच नकार दिला. बाभळीच्या झाडासमोर हिरवं निशाण अजिबात दिसत नाही, त्यापायी पुढे दर वर्षी मुलांचा तासभर वाया जायचा. तरीही मी निवृत्त होईपर्यंत तीच वापरली. आमचा तो पहिला आराखडा मेजरांनी कधी परत केला नाही, याची मात्र मला अजून हळहळ वाटते. सिंधूच्या हातच्या त्या ओळीइतकी सुरेख ओळ मी पुन्हा कोणाच्या कागदावर पाहिली नाही. अपवाद तिच्याच एम.ए.च्या नकाशांचा.

त्या सोमवारी मी निशाणाचा काठ बोटांत धरून बघत होते. असं कापड कोणी निशाणांसाठी आणत नाही, हे मलाही कळत होतं. हे चोळखण कुठले, असं मी तिला विचारलं.

"निफाडच्या लग्नासाठी आणून ठेवले होते," सिंधू म्हणाली. "आप्पा म्हणाले, आता एवढ्यात लागायचे नाहीत."